चढावरचा हात

दुसऱ्याला मदत करावी, हे आपल्या मंडळ्यांत कोणाला नव्याने शिकवावे लागत नाही. शब्बाथ शाळेच्या बालवर्गापासून आपण तोच धडा गिरवीत आलो आहोत. परंतु मदत किती करावी आणि कोठे हात आवरावा, हा धडा मात्र क्वचितच कोणी देतो. आम्हांला तो एका सायकलमुळे मिळाला, आणि तोही चूक करून बसल्यावर. ती चूक आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या हाती मुलांना शिकविण्याचे काम आहे त्यांना तिचा काही उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आमच्या बेळगावात लांब पल्ल्याच्या धावण्याची शर्यत ठरली. अंतर एकवीस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे अर्धी मॅरेथॉन. धावणाऱ्यांच्या सोबतीस सायकलस्वार हवे होते. तरुण संघाच्या मुलांनी आपली नावे दिली आणि आमचेही दिले. शर्यत रविवारी पहाटे होती. सकाळची उपासना चुकणार म्हणून आम्ही पाळकसाहेबांची परवानगी मागितली. ते हसून म्हणाले, “जा, पण काय शिकलात ते संध्याकाळी सांगा.” त्या संध्याकाळी आम्ही त्यांना काहीच सांगितले नाही. का ते पुढे येईलच.

सायकलस्वाराचे काम बाहेरून सोपे दिसते. एक सायकल सर्वांत पुढे असते. ती पहिल्या धावकाला वाट दाखविते आणि रस्ता मोकळा करते. काही सायकली मधल्या घोळक्यांबरोबर असतात. एक सायकल सर्वांत मागे, शेवटच्या धावकाबरोबर. तिच्यामागे शर्यत संपते आणि रस्ता पुन्हा गाड्यांचा होतो. वयाकडे पाहून असेल, ही शेवटची सायकल आमच्याकडे आली.

आदल्या संध्याकाळी आम्हांला नियम समजावून देण्यात आले. धावणाऱ्याच्या किंचित मागे राहायचे. पुढे गेलो तर तो नकळत आपल्या चाकाचा पाठलाग करू लागतो आणि त्याची स्वतःची चाल मोडते. पाणी ठरावीक टेबलांवरच मिळेल, आपल्या बाटलीतले द्यायचे नाही. अंगाला हात लावायचा नाही. तो बोलला तर बोलायचे, गप्प राहिला तर गप्प राहायचे. मात्र तो झोकांड्या खाऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला तर लगेच उतरायचे, त्याला थांबवायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची. सांगणारे गृहस्थ म्हणाले, “तेव्हा नियम बघत बसायचं नाही, माणूस बघायचा.” सारे नियम आम्ही वहीत उतरवून घेतले.

पाण्याचा नियम आम्हांला त्या वेळी निर्दयपणाचा वाटला होता. पुढे वाचनात आले की त्यामागे कारण आहे. २००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, प्रमाणाबाहेर उतरलेला आढळला. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अंतर कापण्यास फार वेळ लागणाऱ्या आणि वाटेत भरमसाट पाणी पिणाऱ्या लोकांना हा धोका अधिक असतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. म्हणजे दया येऊन पाजलेले पाणीसुद्धा घातक ठरू शकते.

शर्यतीच्या दिवशी धुके होते. पहिले धावक दिसेनासे झाले आणि हळूहळू शेवटचा धावक आमच्या वाट्यास आला. वय त्रेसष्ट, पायांत कॅनव्हासचे बूट. फौंड्रीत नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो आणि गळ्यातली शिट्टी व हातातली वही पाहून ते आम्हांला मास्तर म्हणू लागले. साखरेचा आजार निघाला म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितले, चालता चालता ते धावू लागले, आणि एकदा तरी हे अंतर वेळेत पुरे करायचे असे त्यांनी मनाशी धरले होते. वेळेची मर्यादा साडेतीन तासांची होती.

शाळेच्या क्रीडामहोत्सवात सावकाश सायकल चालविण्याची शर्यत असते, ती पुष्कळांनी पाहिली असेल. जो सर्वांत शेवटी पोचेल आणि पाय टेकणार नाही, तो जिंकला. ती शर्यत किती अवघड असते ते त्या दिवशी आम्हांला कळले. सायकलीला तोल येतो तो वेगामुळे. ताशी सहा किलोमीटरांच्या चालीने चालवू लागले की हँडल डावीउजवीकडे पळते आणि मनगटे भरून येतात. दुसऱ्याच्या चालीने चालणे हे स्वतःच्या चालीने पळण्याहून कठीण आहे. आपला वेग आवरून धरावा लागतो, आणि कोणी शाबासकी देत नाही, कारण पाहणाऱ्याला वाटते की हा नुसता मागे रेंगाळतो आहे.

अठराव्या किलोमीटरला एक लांब चढ लागला. ऊन वर आले होते. मागून उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि कर्णा वाजवू लागली. काकांची धाव संपून चालणे सुरू झाले होते आणि चालणेही मंदावले होते. घड्याळ पाहिले. तीन तास होऊन गेले होते. आमच्या मनात काय आले ते सांगणे कठीण आहे. दया होती, हे खरे. पण कंटाळा नव्हता असे म्हणता येणार नाही, आणि आपला माणूस वेळेत पोचला तर आपलेही काम चांगले झाले असे दिसेल, हा विचारही कोठेतरी होता. रस्त्यावर पाहणारे कोणी नव्हते. आम्ही उतरलो, डाव्या हाताने सायकल ढकलली आणि उजवा हात काकांच्या पाठीवर ठेवून रेटा देऊ लागलो. ते काही बोलले नाहीत. बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. चढ संपेपर्यंत, सुमारे दोनशे पावले, आमचा हात तेथेच होता.

ते शेवटच्या रेषेवर पोचले तेव्हा मर्यादेला दोन मिनिटे बाकी होती. लोकांनी टाळ्या वाजविल्या. एका मुलीने त्यांच्या गळ्यात पदक घातले. आम्हांला वाटले, ते आमचे आभार मानतील. त्यांनी पदक गळ्यातून काढून खिशात ठेवले, आमच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, त्या चढाला हात लावलासा. नको होता.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हांला सोपे गेले असते.

आमचा हात नसता तर ते वेळेत पोचले असते की नाही? कदाचित पोचले असते. कदाचित दोन मिनिटे उशीर झाला असता. आता ते कोणालाही, त्यांनासुद्धा, कळण्याचा मार्ग उरला नाही. वर्षभर पहाटे उठून जे जाणून घेण्यासाठी ते धावत होते, नेमके तेच आम्ही दोनशे पावलांत काढून घेतले होते. दिले ते पदक, आणि ते त्यांना पाहवेना.

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. धावण्याच्या इतिहासात असे प्रसंग पूर्वीही घडले आहेत. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये इटलीचा डोरांडो पिएत्री मॅरेथॉनमध्ये सर्वांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला. उष्म्याने तो इतका थकला होता की भलत्याच दिशेला वळला आणि पुन्हा पुन्हा पडू लागला. अधिकाऱ्यांना पाहवेना. त्यांनी त्याला उठविले, सावरले आणि अखेर आधार देऊन रेषेपलीकडे नेले. दुसरा आलेला अमेरिकेचा जॉनी हेज कोणाच्याही आधाराशिवाय पोचला होता. अमेरिकन पथकाने तक्रार केली, पिएत्री बाद ठरला आणि सुवर्णपदक हेजला मिळाले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला एक चषक दिला. लोकांचा लोभ त्याला मिळाला, पण त्याची शर्यत त्याला परत मिळाली नाही. अधिकाऱ्यांनी हात आवरला असता तर कदाचित तो स्वतःच्या पायांनी पोचला असता, कदाचित नसता. तेथेही तोच प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला.

त्याच्या चार वर्षे आधी, १९०४ साली सेंट लुईस येथे याहून वाईट घडले होते. थॉमस हिक्स याला त्याच्या मदतनीसांनी वाटेत पाणी नाकारले आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात कुचल्याचे विष, म्हणजे स्ट्रिकनीन, व ब्रँडी दिली, कारण तो चालत राहावा आणि जिंकावा अशी त्यांची इच्छा होती. शेवटी त्यांनी त्याला जवळजवळ उचलूनच रेषेपलीकडे नेले. त्याला विजेता ठरविण्यात आले आणि तो सुदैवाने वाचला. मदत कोणासाठी चालली आहे, ज्याला मदत होते त्याच्यासाठी की मदत करणाराच्या इच्छेसाठी, हा प्रश्न या गोष्टीत उघडा पडतो. आम्हांला तो वाचताना लाज वाटली, कारण चढावर आमच्या मनातही आमचेच काम होते.

येथे कोणी म्हणेल, मग काय, माणूस कोसळला तरी पाहत राहावे? नियमाचे पुस्तक उघडून बसावे? नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

२००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये ब्राझीलचा वांदेर्ले दे लिमा मॅरेथॉनमध्ये आघाडीवर होता. पस्तीस किलोमीटरांच्या पुढे, प्रेक्षकांतून एक माणूस धावत आला आणि त्याने त्याला रस्त्याच्या कडेच्या गर्दीत ढकलून दिले. तो माणूस एकेकाळी धर्मगुरू होता, आणि त्याच्या अंगावर पवित्र शास्त्राचे नाव घेणारा फलक होता. आपणां मंडळींच्या लोकांना ही गोष्ट विसरता येऊ नये. तेथे उभ्या असलेल्या एका ग्रीक प्रेक्षकाने धाव घेऊन दे लिमाला सोडविले व पुन्हा रस्त्यावर उभे केले. मग त्याने काय केले? त्याने हात काढून घेतला. दे लिमा उरलेले अंतर आपल्या पायांनी धावला, तिसरा आला आणि हात पसरून आनंदाने रेषा ओलांडता झाला. तेथे कोणी म्हणाले नाही की प्रेक्षकाचा हात लागला म्हणून पदक खोटे. कारण त्या हाताने शर्यत धावली नव्हती. जे ओझे त्या धावकाचे नव्हतेच, ते फक्त दूर केले होते.

प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात याच दोन गोष्टी थोड्याच अंतरावर येतात. दुसऱ्या वचनात तो एकमेकांचे ओझे वाहण्यास सांगतो, आणि पाचव्या वचनात म्हणतो की प्रत्येकाला आपला भार आपणच वाहावा लागेल. वरवर पाहता हा विरोध वाटतो. मूळ ग्रीक भाषेत मात्र दोन निराळे शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे दडपून टाकणारे वजन. दुसरा ‘फोर्तिओन’, म्हणजे वाटसरूच्या पाठीवरची शिदोरी किंवा जहाजातला माल, जो ज्याचा त्याने न्यायचा असतो. शब्दांच्या छटांवर फार मोठी इमारत उभारू नये, असे आमचे गुरुजन सांगत, आणि इतरत्र हे शब्द एकमेकांजवळही येतात. तरी एवढे स्पष्ट आहे की पौलाच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. दे लिमावर येऊन पडला तो माणूस पहिल्या प्रकारचे ओझे होता. काकांचा चढ दुसऱ्या प्रकारचा होता. आम्ही दुसरे ओझे पहिले समजून उचलले.

मग या दोहोंतला फरक रस्त्यावर, घाईत, कसा ओळखावा? अंध धावकांच्या शर्यतीत एक वाटाड्या धावकाबरोबर पळतो. दोघांच्या हातांत एक लहानशी दोरी असते. नियम असा की वाटाड्याने धावकाला ओढायचे नाही, ढकलायचे नाही, आणि रेषा ओलांडताना धावक पुढे व वाटाड्या मागे असला पाहिजे. वळण कोठे आहे, खड्डा कोठे आहे, ते वाटाड्याने सांगायचे. पाय मात्र धावकाचे. आम्हांला मदतीचा याहून चांगला नमुना ठाऊक नाही. दोरी सैल आहे तोवर ती सोबत असते. ती ताणली गेली की एकाची शर्यत दुसऱ्याने घेतली असे समजावे.

पण येथेही शेवटचा शब्द नियमाचा नाही. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त तिसऱ्या क्रमांकावर येत होती. रेषा काही पावलांवर असताना तिच्या वाटाड्याच्या पायात गोळे आले आणि तो पडू लागला. तिने दोरी सोडून त्याला सावरले. दोरी सुटली म्हणून तिला त्या दिवशी बाद ठरविण्यात आले. मागून येणारी धावक तिच्यापासून कित्येक मिनिटे दूर होती, म्हणजे दोरी सोडून तिला वेळेचा काही लाभ झाला नव्हता. तिने चूक केली का? नियमाने होय. परंतु बेळगावच्या चढावरचा आमचा हात आणि तिचा हात एकच नव्हे. तिने पडणाऱ्याला धरले, आणि त्याची किंमत स्वतः भरली. आम्ही न पडणाऱ्याला ढकलले, आणि त्याची किंमत त्याला भरावी लागली.

यातून आम्ही स्वतःसाठी तीन प्रश्न काढले आहेत. हा माणूस पडतो आहे, की फक्त कष्टाने चालतो आहे? त्याने मदत मागितली आहे, की त्याचे कष्ट आम्हांला पाहवत नाहीत? आणि या मदतीची किंमत शेवटी कोण भरणार? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘पडतो आहे’ असे आले तर पुढचे प्रश्न विचारीत बसू नये. धावून जावे. तसे नसेल तर बाकीचे दोन विचारीपर्यंत हात खिशात ठेवावा.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना हे चढ दर रविवारी भेटतात. नाताळच्या कार्यक्रमात मूल सुवर्णवचन म्हणताना अडखळते. समोर पालक बसलेले असतात. आपल्याच ओठांवर पुढचा शब्द येतो आणि आपण तो पुटपुटतो. मूल तो उचलते, टाळ्या पडतात. पण आणखी क्षणभर थांबलो असतो तर तो शब्द त्याला आठवला असता का, हे त्याला कधी कळत नाही. पुढच्या वेळी अडखळले की ते आठवण्याचा प्रयत्न करीत नाही, आपल्या ओठांकडे पाहते. प्रदर्शनासाठी मुलांची चित्रे आपणच रंगवून देतो. संघाच्या तरुणांना कार्यक्रम नेमून देतो आणि तो बिघडेल या भीतीने सर्व कामे रात्री आपणच करून टाकतो. हे सर्व प्रेमानेच चाललेले असते. परंतु त्या मुलाला आणि त्या तरुणाला आपण हळूहळू असे शिकवीत असतो की तुझ्याने होणार नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती विसरणे अधिक मोठे पाप ठरेल. ज्या मुलाच्या घरी अन्न नाही, ज्या बहिणीला घरी मार पडतो, ज्या भावाला कर्जाने घेरले आहे, त्यांना “आपला भार आपण वाहा” असे सांगणे म्हणजे पडलेल्या माणसाला शर्यतीचा नियम वाचून दाखविणे होय. तेथे सायकल टाकून द्यावी आणि धावावे. मंडळीतले आपण पुष्कळदा नेमके उलटे करतो. कष्टाने चालणाऱ्याच्या पाठीला हात लावतो, कारण ते सोपे असते आणि टाळ्या मिळतात. पडलेल्याजवळून मात्र मान वळवून जातो, कारण तेथे गुंतावे लागते.

पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत आम्ही पुन्हा शेवटची सायकल मागून घेतली. काकाही आले होते. आम्हांला पाहून ते म्हणाले, “यंदा मागंच राहा, मास्तर.” आम्ही मागेच राहिलो. त्या वर्षी धुके नव्हते आणि ऊन लवकर तापले. सतराव्या किलोमीटरला ते थांबले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी पुढच्या चढाकडे पाहिले. आम्ही सायकल उभी केली व गप्प राहिलो. ते बरेच सावध होते, श्वास जोरात चालला होता इतकेच. मागून येणाऱ्या गाडीला त्यांनी स्वतः हात केला. गाडीत बसताना आम्हांला म्हणाले, “सतरा झाले. सगळे माझे.”

त्या दिवशी त्यांना पदक मिळाले नाही. आदल्या वर्षीच्या पदकाचे त्यांनी काय केले, ते आम्ही विचारले नाही. रिकाम्या झालेल्या रस्त्याने आम्ही एकटेच सायकल चालवीत परत आलो, आणि संध्याकाळच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांना मागल्या वर्षाचे सारे सांगितले.